दौऱ्यावरची सकाळ

जळगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. बँकेत नोकरी. शाखा तपासणीसाठी महिन्यातून एकदा दोन दिवस निफाडला मुक्काम पडतो. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य तिथून जवळ. पगारातून साठवून त्यांनी झूमचा कॅमेरा घेतला आणि थंडीत कामाआधी दोन तास पाखरांचे फोटो काढू लागल्या. "कामाला जातेस की पाखरं बघायला?" असं मिस्टर विचारतात. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांचं न बोलणंच जास्त ऐकू येतं. आता बाई फोटो काढतात आणि घरी पोचायच्या आत पुसून टाकतात. हा नाद सोडून देऊ का, असं त्यांनी विचारलंय.

मुळीच सोडू नका. आणि फोटो तर अजिबात पुसू नका! घरी सकाळी सहा ते साडेआठ ही वेळ दूध, डबे आणि पाण्याची. दौऱ्यावर ती आपोआप मोकळी होते. तेवढा वेळ तुम्ही लॉजवर झोपून काढला असतात, तर कुणी ब्रही काढला नसता. फक्त दहाच्या ठोक्याला शाखेत हजर राहा आणि तळ्यापर्यंतच्या रिक्षाचे पैसे स्वतःच्या पर्समधून द्या. ऑफिसच्या बिलात पाखरं नकोत.

लपवाछपवीनं साध्या गोष्टीला उगाच चोरीचा वास येतो. त्यापेक्षा घरी फोटो दाखवा. सुरुवात सासूबाईंपासून करा, आणि ती हळदीकुंकू बदकानं! चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. नाव कुणी ठेवलं असेल ते असो, बाईमाणसाच्या नजरेतलं आहे. मग काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी दाखवा. मिस्टरांसाठी चक्रवाक राखून ठेवा. हा केशरी पाहुणा हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून येतो. जुन्या काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून दूर असते. दोन रात्रींच्या दौऱ्यावरून फारच बोलणं झालं, तर एवढं सांगायला हरकत नाही.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावरची ही जागा २०२० साली रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. तिथे मनोरे आहेत, माहीतगार माणसं मिळतात. एकटीनं आडवाटेला जाण्यापेक्षा त्यांच्यातलं कुणी सोबत घ्यावं आणि लॉजवर सांगून निघावं. बंधाऱ्याजवळ कॅमेरा काढण्यापूर्वी चालतं का ते विचारावं.

फोटोचं म्हणाल, तर सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि पाखराचा डोळा स्पष्ट यायला हवा. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा. भडक साडी-ओढणी नको, मातकट रंग बरा. कॅमेरा नसला तरी ८ × ४२ ची दुर्बीण पुरते. माझ्या मते पहिलं वर्ष तर दुर्बीणच बरी, कारण कॅमेऱ्याच्या नादात बघायचंच राहतं. घरट्याचा फोटो मात्र कधीही काढू नये. आपण जवळ गेलो की आई उडते, आणि कावळा टपलेलाच असतो. बाळंतिणीच्या खोलीत आपण कॅमेरा घेऊन शिरतो का?

बायकांनी पाखरं बघणं काही नवं नाही. छोटा नागपूरच्या जंगलांतले पक्षी पाहणाऱ्या जमाल आरा यांचं 'वॉचिंग बर्ड्स' हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९७० साली काढलं. मुलांसाठीचं, सोपं आहे. मिळालं तर घरातल्या नातवंडांच्या हाती द्या. पुढच्या खेपेला 'आई, कुठला पक्षी दिसला?' हा प्रश्न तीच विचारतील.

आणि हो, थर्मास भरून न्या. सकाळी सहाला तळ्याकाठी चहा मिळेलच असं नाही.