ओटीपी कुणाच्या फोनवर?
निफाडकडच्या एका कांद्याच्या शेतात परवा पाहिलं. एका मावशींनी खुरपं खाली ठेवलं, मातीचा हात पदराला पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला आणि लासलगावचा सकाळचा भाव बघितला. पूर्वी हा भाव कळायचा तो दिवेलागणीला, बाजारातून परतलेल्या कारभाऱ्यांच्या तोंडून. आता व्यापारी बांधावर आला की मावशी स्वतः बोलतात, घासाघीस करतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, म्हणूनच पुढचं जास्त खुपतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. तो मावशीच काढतात. सातबारा मात्र नवऱ्याच्या नावावर, म्हणून पीएम किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये त्याच्या खात्यात, ओटीपी त्याच्या फोनवर. बायकोच्या नावे जमीन करा, ही लक्ष्मीमुक्तीची हाक शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने दिली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. जमीन नावावर आल्याशिवाय हातातला फोन अर्धाच कामाचा. त्या दिवशी रेंज मिळेना, तर मावशी बांधाच्या उंचवट्यावर चढल्या, हात उंच धरून फोटो पाठवला. नोंद पडली कारभाऱ्यांच्या नावे.