दाता वाढला, वेग घटला

"क्लच-बेलचा एक दाता वाढव, मग बघ कशी पळते!" रिमोटवर चालणारा नायट्रो मॉन्स्टर ट्रक घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हा सल्ला फुकट मिळतो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो: प्लॅस्टिकचं स्पर गिअर काढून पोलादी बसव. तिसऱ्या महिन्यापर्यंत दुकानदाराकडचं निम्मं कपाट तुमच्या ट्रकमध्ये शिरलेलं असतं आणि ट्रक मात्र टेबलावर उघडा पडलेला असतो. हे दोन्ही सल्ले मी पाळले आहेत, म्हणून त्यांच्याविरुद्ध लिहायचा अधिकार माझ्याकडे आहे असं मी समजतो.

आधी पहिल्या सल्ल्याकडे. त्याची बाजू साधी आहे आणि गणितात चूक नाही. इंजिनाच्या टोकाला क्लच-बेल, तिच्या दात्यांत अडकलेलं मोठं स्पर गिअर, पुढे गिअरबॉक्स, पुढे-मागे डिफरन्शियल, शेवटी चाक. धरा, बेलला १८ दाते आहेत, इंजिन मिनिटाला ३०,००० फेरे घेतंय आणि चाकापर्यंत पोचताना ते एकूण १८ पटीने कमी होतात. चाकाचा व्यास १५ सेंमी असेल तर ट्रक ताशी साधारण ४७ किमीने धावेल. बेल १९ दात्यांची केली की कागदावर हाच वेग ५० च्या जवळ जातो.

कागदावर. कारण या हिशेबात इंजिन ३०,००० फेरे घेतच राहील असं गृहीत धरलंय. वेग साडेपाच टक्क्यांनी वाढला की नुसता हवेचा विरोध मोडायला सतराएक टक्के जास्त ताकद लागते, कारण ती ताकद वेगाच्या घनाने वाढते. ती आणायची कुठून? हे दोन-साडेतीन घनसेंमीचं टू-स्ट्रोक इंजिन वरच्या फेऱ्यांतच जोर धरतं. खाली त्याला दम नाही. दाता वाढवला की ते त्या वरच्या पट्ट्यात उशिरा पोचतं, गवतावर तर पोचतच नाही. भरलेला ट्रक खंबाटकी घाटात वरच्या गिअरमध्ये रेटणाऱ्या ड्रायव्हरला आपण काय म्हणतो? तेच आपण मैदानात करतो आणि त्याला अपग्रेड म्हणतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. सेंट्रिफ्युगल क्लचचे शू बेलला घट्ट पकडायच्या आत बराच वेळ घसरत राहतात, त्या घर्षणाने बेल तापते आणि आतली इवलीशी बेअरिंग ग्रीस गमावून बसतात. इंजिनाचं डोकंही तापतं. मग मालक काय करतो? कार्ब्युरेटरची सुई फिरवतो. मिश्रण दाट करतो, गाडी आणखी सुस्त होते. पातळ करतो, इंजिन आणखी भाजतं. दुखणं गिअरिंगचं, औषध सुईचं. मी स्वतः हे एक अख्खा पावसाळा उलटेपर्यंत केलं. बेलला दोन दाते वाढवले होते आणि त्याच आठवड्यात हौसेने १७ सेंमीची चाकंही लावली होती. चाक मोठं करणं म्हणजेही गिअर उंच करणं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. दात्यांचे अकरा टक्के, चाकाचे तेरा; गुणाकार केला तर एकूण सव्वापट. क्लचची दोन बेअरिंग गेल्यावर मी हा गुणाकार वहीत केला.

म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. चाकं मोठी लावली तर बेलचा एक दाता कमी करा. गवत, माती, चढ यांवर खेळत असाल तर चाकं तीच ठेवूनही एक कमी करून पाहा. ट्रक झटकन उचल घेईल, इंजिन थंड राहील आणि पन्नास मीटरच्या मैदानात तो आधीपेक्षा लवकर पलीकडे पोचेल. ताशी ४७ किमी म्हणजे सेकंदाला १३ मीटर; एवढ्या मैदानात सर्वोच्च वेगाला खेळायला चार सेकंदसुद्धा मिळत नाहीत. याच कारणाने मूळच्या कॅलिफोर्नियातल्या एचपीआय कंपनीच्या सॅव्हेज ट्रकसाठी निघालेल्या तिसऱ्या गिअरच्या किटबद्दलही मला उत्साह नाही. लांब डांबरी पट्टा हाताशी असेल तर घ्या. नसेल तर आहेत त्या दोन गिअरमधला बदल नीट बसवा. तो कोणत्या वेगाला व्हावा हे एका छोट्या स्क्रूवर ठरतं, आणि तो एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग एवढाच फिरवायचा असतो. हे काम फुकटात होतं. फुकटचं असल्यामुळेच बहुधा कुणी सुचवत नाही.

आता पोलादाकडे. इथे पूर्वपक्ष जास्त मजबूत आहे, त्याला हसण्यावारी नेता येत नाही. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ मध्ये टी-मॅक्स आणला तेव्हा त्याला .१५ चं, म्हणजे अडीच घनसेंमीचं इंजिन होतं. पुढे कंपनीनेच ३.३ घनसेंमीचं इंजिन दिलं. हौशी लोकांनी तर बाहेरची किट आणून त्याच सांगाड्यात .२१ ची इंजिनं बसवली. अडीचसाठी कापलेले दाते त्या जोरापुढे झडणारच. अशा वेळी माणूस म्हणतो की प्लॅस्टिक ही कंपनीची कंजुषी आहे, सगळं पोलादी करा. त्याचा राग मला समजतो. त्याचा निष्कर्ष चुकीचा आहे.

उडी मारून ट्रक चाकं फिरत असतानाच जमिनीवर आदळला की चाकं क्षणात थबकतात. तो हिसका उलट्या दिशेने इंजिनाकडे येतो आणि वाटेतला सर्वांत कच्चा भाग मोडतो. तो भाग स्पर गिअर असेल तर दहा मिनिटांचं काम आहे: चार स्क्रू, नवं गिअर, मधली फट बघितली की झालं. स्पर पोलादी केलं तर हिसका नाहीसा होत नाही, पुढच्या घरी जातो. गिअरबॉक्सच्या शाफ्टकडे, नाहीतर थेट डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनकडे. ते बदलायला अर्धा ट्रक खोलावा लागतो. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी खिळा ठोकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. वायरिंग जळल्यावर मग वायरिंगला शिव्या.

या ट्रकांमध्ये खरा फ्यूज आधीपासून आहेच. स्परच्या मागे असतो तो स्लिपर. स्प्रिंगने दाबलेली ही चकती हिसका आला की थोडी घसरते. पण ती घसरते म्हणजे ताकद वाया जाते, असं मानून लोक तिचं नट गच्च आवळतात आणि दुसऱ्या दिवशी दाते झडले म्हणून कंपनीला दोष देतात. पूर्ण आवळून मग थोडं सैल करा. सुटताना स्लिपरने क्षणभर कण्हलं तर बिघडत नाही.

तरीही स्पर दर टाकीला झडत असेल तर? आधी बेल आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. ती चुरगळून पण न फाटता बाहेर आली की फट बरोबर आहे. फट बरोबर, स्लिपर बरोबर आणि इंजिन मोठं, असं असताना गिअर टिकत नसेल तर खुशाल पोलादी लावा. तिथे माझा विरोध संपतो.

इथवर खंडन झालं. अपग्रेड मुळीच करू नका असं मात्र मी म्हणत नाही, कारण एक अपग्रेड मला मनापासून पटलेलं आहे, आणि ते धातूबद्दल नाही. सॅव्हेजच्या डिफरन्शियलमध्ये मूळचं क्राउन ४३ दात्यांचं आणि पिनियन १३ दात्यांचं. जोरदार इंजिनापुढे ही जोडी झडायची. एचपीआयने त्यावर जी मजबूत जोडी काढली, तिच्यात क्राउन २९ दात्यांचं आणि पिनियन ९ दात्यांचं. भागाकार करून बघा: आधी ३.३१, नंतर ३.२२. गुणोत्तर जवळपास तेच. बदललं काय, तर तेवढ्याच घेरात कमी दाते बसवल्यामुळे प्रत्येक दाता साधारण दीडपट जाड झाला. ट्रॅक्ससनेही २००४ च्या रेव्होमध्ये स्पर-बेलसाठी टी-मॅक्सपेक्षा जाड दात्यांचं माप घेतलं. दाते मोजण्याआधी दात्याची जाडी बघावी, हे या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी ओळखलं होतं. आपण अजून मोजतोच आहोत.

या जोडीबरोबर दोन कामं चुकवू नका. क्राउनच्या मागे शिम घालून पिनियनशी असलेला ढिलेपणा काढा. डिफरन्शियलचं घर लवत असेल तर जाड दातेही टोकावरच चावतात आणि तुटतात. दुसरं काम पैशाचं आहे, म्हणून ते बहुतेक जण टाळतात. या ट्रकांना मधलं डिफरन्शियल नसतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कायमचे बांधलेले असतात. मागचं डिफरन्शियल झडलं म्हणून फक्त तिथे २९-९ बसवलं आणि पुढे ४३-१३ तसंच राहू दिलं, तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त वेगाने फिरायला बघतात. मातीवर टायर घसरून ते निभावतं, दिसतसुद्धा नाही. डांबरावर ती ओढाताण शाफ्टवर आणि तुम्ही नुकत्याच विकत घेतलेल्या त्या जाड दात्यांवर चालू राहते. मग "मजबूत जोडीही टिकली नाही" म्हणून बोंब होते.

तेव्हा जुना ट्रक विकत घेत असाल किंवा दुसऱ्या कुणी दुरुस्त केलेला हातात आला असेल, तर आधी पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल उघडा आणि दाते मोजा. आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशी इंजिन सुरू करू नका.