राजांच्या मोटारी, शेटजींची हौस

जयपूरला थंडीच्या दिवसांत जुन्या मोटारींचा मेळा भरतो. जय महाल पॅलेसच्या हिरवळीवर पितळी दिव्यांच्या, मडगार्ड पसरलेल्या, लाकडी चाकांच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. मग त्या शहरातून निघाल्या की उंटगाडीवाल्यापासून स्कूटरवाल्यापर्यंत सारे थांबून पाहतात. मुलांना गंमत वाटते ती भोंग्याची. मोठ्यांना प्रश्न पडतो तो वेगळाच. या गाड्या इतकी वर्षे टिकल्या कशा? आणि मुळात आपल्या देशात राहिल्या कशा?

राजपुताना आणि काठेवाडातल्या संस्थानिकांना मोटारींचा केवढा नाद होता, हे सांगायला नको. रोल्स रॉइस घ्यायची तर एक कशाला, चार घेऊ, असा तो काळ. कुणी शिकारीसाठी खास बांधून घेई, तर कुणी राणीवशासाठी पडदे लावून घेई. पण 1947 नंतर संस्थाने विलीन झाली. जयपूरच्या महाराजा मानसिंहांनी 1957 मध्ये आपल्या रामबाग पॅलेसचे हॉटेल केले. 1971 मध्ये तनखे बंद झाले आणि अनेक राजघराण्यांना तबेल्यातल्या गाड्या म्हणजे पांढरे हत्ती वाटू लागले. परदेशी दलाल दारात उभेच होते. कित्येक सुंदर मोटारी बोटीत चढल्या त्या कायमच्या. 1970 च्या दशकात सरकारने जुन्या मोटारी परदेशी नेण्यावर बंदी घातली, पण बंदी घातली म्हणून काही गंज चढायचा थांबत नाही. देशातल्या देशात तरी त्या कुणी घ्यायला हव्या होत्या, आणि नुसत्या घेऊन भागणार नव्हते.

हे काम ज्या मोजक्या हौशी माणसांनी केले त्यांत मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांचे नाव फार वरचे. 1937 चा त्यांचा जन्म. धंदा-उद्योग होता, जमीनजुमला होता, पण जीव रमला तो जुन्या मोटारींत. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेचे ते अध्यक्ष होते. 2011 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा संग्रह जगातल्या मोठ्या खाजगी संग्रहांत गणला जात होता.

हा संग्रह मुंबईत मावणारा नव्हताच. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांची दास्तान इस्टेट आहे. तिथे त्यांनी ‘ऑटो वर्ल्ड’ नावाचे संग्रहालय उभे केले. रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर, लागोंडा या इंग्लंडच्या, मर्सिडीज आणि मेबॅक जर्मनीच्या, पॅकार्ड, कॅडिलॅक, ब्यूक, लिंकन, ऑबर्न, कॉर्ड अमेरिकेच्या. शंभराहून अधिक गाड्या तिथे मांडलेल्या, शिवाय घोड्यांच्या बग्ग्या. संस्थानिकांच्या दारातून आलेल्या गाड्याही त्यांत आहेत. त्या काळी कंपनी पुष्कळदा नुसता सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज बार्कर, हूपर अशा वेगळ्या कारखान्यांतून गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चढे. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्याही जुळ्या बहिणींसारख्या दिसत नाहीत.

प्राणलालभाईंचे खरे कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीसाठी. पैसेवाल्या माणसाने महागडी वस्तू घेऊन कुलपात ठेवली तर त्यात नवल ते काय! त्यांनी दार लोकांसाठी उघडे ठेवले. तिकीट काढून कुणीही यावे, वर थोडे पैसे भरून जुन्या मोटारीतून इस्टेटीत फेरीही मारावी, अशी तिथली सोय. म्हणजे गाडी नुसती चकचकीत असून चालत नाही, ती चालती ठेवावी लागते.

आणि हे सोपे नाही. उभी राहिलेली मोटार माणसासारखीच आखडते. टाकीत पेट्रोलचा चिकट थर धरतो, रबरी वायसर कडक होतात, ब्रेक गंजून चिकटतात, टायरला एका बाजूने चपटेपणा येतो. वायरी उंदीर कुरतडतात. या जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाची चौकट असते, तिला वाळवी लागते. शिवाय सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. परदेशातून मागवणे परमिटांच्या काळात जवळजवळ अशक्यच होते. मग लेथवर बसलेला मिस्त्री तुटलेला भाग समोर ठेवून दुसरा तसाच घडवी. या मिस्त्रींची नावे कुठल्या चषकावर कोरली जात नाहीत, ही मात्र खेदाची गोष्ट. मालकाइतकाच त्यांचाही या गाड्यांवर हक्क आहे.

अशा हौशी माणसाच्या घरी एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. पुढच्या पिढीला तो नाद नसला तर? सोने वाटून घेता येते, जमीनही वाटता येते. 1930 सालची पॅकार्ड कशी वाटायची? तिला जागा लागते, ड्रायव्हर लागतो आणि दर आठवड्याला इंजिन सुरू करणारे कुणीतरी लागते. कोल्हापूरकरांपुढे हा पेच नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात निघते, लोक तिची वाट पाहतात. पण दसरा सगळ्याच गाड्यांच्या नशिबी नसतो.

सरकारने 2021 मध्ये निदान कागदपत्रांचा घोळ मिटवला. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि दहा वर्षांची मुदत. मात्र ती रोजच्या वापराला किंवा भाड्याला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. आजोबांची गाडी भंगारात द्यावी की ठेवावी, या विचारात असलेल्या घरांना हा नियम ठाऊक असायला हवा.

प्राणलालभाईंनी आपल्यापुरती सोय आधीच करून ठेवली होती. ते गेल्यानंतरही कठवाड्याचे संग्रहालय लोकांसाठी उघडे राहिले, आणि अहमदाबादला आलेली कुटुंबे मुलांना घेऊन तिकडे वळत राहिली.