बर्फावर पाऊल जपून टाका



रविवारी विहारात वंदना झाली आणि वस्तीतल्या एक आई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा मुलगा मागल्या वर्षी शिकायला कॅनडात, टोरांटोला गेला. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगं बर्फावरून घसरलं. मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय, दीड महिना काम बंद." शिक्षण सांभाळून तो गोदामात काम करतो, त्यातून खोलीचे भाडे निघते. मग त्यांनी विचारले, "बर्फावर चालायचं कसं, हे त्याला कुणीच कसं सांगितलं नाही?"

प्रश्न खरा आहे. डॉ. बाबासाहेब 1913 साली शिकायला न्यूयॉर्कला गेले. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कुणी कर्ज काढून, आपली मुले-मुली थंड देशांत जातात. आपण बॅगेत चटणी, लोणचे, स्वेटर भरतो. पण आपण बर्फ पाहिलेला तो गोळ्याच्या गाडीवर. म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट, धोका ओळखा. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो. तो एवढा दगा देत नाही. दगा देतो तो दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला बर्फ. डांबरी रस्त्यावर त्याचा पातळ, काचेसारखा थर बसतो. खालचा रस्ता आरपार दिसतो, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. पहाटे, रात्री, सावलीत आणि पुलावर तो हमखास असतो. पुलाला खालूनही गार वारा लागतो. पारा शून्याच्या आसपास असला की बर्फ सर्वांत निसरडा. कडाक्याच्या थंडीत तो उलट थोडा कमी घसरतो. म्हणून 'आज थंडी कमी आहे' असे वाटले तरी बेफिकीर राहू नका.

दुसरी गोष्ट, बूट. चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे किंवा झिजलेले बूट नकोत. तळवा मऊ रबराचा आणि खोल नक्षीचा हवा. बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टेही तिथे मिळतात. मात्र इमारतीत शिरताना ते काढावेत, नाहीतर फरशीवर घसरायला होते.

तिसरी गोष्ट, चाल. पावसाळ्यात शेवाळलेल्या बोळातून पाण्याचा हंडा घेऊन आपण कसे चालतो, ते आठवा. पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, पूर्ण तळवा सपाट टेकवायचा. आधी टाच टेकवू नये. शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवावा. हात खिशात नकोत, तोल सावरायला मोकळे हवेत. म्हणून हातमोजे घालावेत आणि सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवावे. बसमधून उतरताना दांडा धरून दोन्ही पाय नीट टेकल्यावरच हात सोडावा. जिन्यावर कठडा सोडू नये. मीठ किंवा वाळू टाकलेली वाट दिसली तर थोडा वळसा पडला तरी तीच धरावी. मिठाने बर्फ वितळतो, वाळूने पायाला पकड मिळते.

तोल गेलाच तर? हात ताठ करून जमिनीवर टेकवू नये, मनगट तिथेच मोडते. गुडघे वाकवून अंग सैल सोडावे, हनुवटी छातीशी घ्यावी आणि कुशीवर पडावे. पडल्यावर लाजेने झटकन उठू नये. कुठे लागले ते आधी पाहावे. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली तर दवाखाना गाठावा. तातडीचा क्रमांक कॅनडा-अमेरिकेत 911, इंग्लंडमध्ये 999, जर्मनीत 112. विम्याचे कार्ड खिशात असावे.

आजी-आजोबा नातवंडांकडे जाणार असतील तर त्यांना विशेष जपावे. उतारवयात खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतो.

भन्तेजी आपल्याला चंक्रमण शिकवतात. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकवले, याचे प्रत्येक वेळी भान ठेवायचे. बर्फावर हेच भान हाडे वाचवते. कामाला उशीर झाला म्हणून धावू नका. एक तासाचा पगार बुडाला तर भरून निघतो, मोडलेला हात दीड महिन्याची भाकरी नेतो.

परदेशी असलेल्या आपल्या लेकराला आज फोन कराल तेव्हा 'जेवलास का?' एवढेच विचारू नका. 'बूट कसले घालतोस?' हेही विचारा.

नमो बुद्धाय, जयभीम!