विकलेला माल परत... का नाही?

दिवाळी संपली, फराळाचे डबे तळाला गेले, की घरोघरी एक नवीनच काम निघतं. भाऊबीजेचा ड्रेस दंडात घट्ट होतो, पाडव्याच्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात उतरतो, नणंदेनं दिलेला मिक्सर तिसऱ्या दिवशी खरखरायला लागतो. मग पिशवी उचलून लक्ष्मी रोड नाहीतर कुमठेकर रोड गाठायचा. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं, हे काय सांगायला हवं! आणि दुकानात पाटी तयारच असते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' नाहीतर, 'माल बदलण्याची वेळ दुपारी १२ ते ४.' म्हणजे नोकरी करणारीनं रजाच टाकायची!

पुणेरी पाट्यांना आपण पोट धरून हसतो, पण या पाटीपुढे मात्र मुकाट्यानं मागे फिरतो. जणू तो कायदाच आहे! कायदा तर उलट सांगतो. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा.

पण मैत्रिणींनो, दोष वेगळा आणि नावड वेगळी. मिक्सर खरखरतो हा दोष. रंग आवडला नाही किंवा माप अंदाजानं आणलं, ही आपली अडचण. तिथे बिलावरची अट आणि दुकानदाराचा शब्द एवढाच आधार. लग्नात मिरवलेला ड्रेस 'घातलाच नाही हो दादा' म्हणत परत नेणाऱ्याही आपल्यातच असतात. छोट्या दुकानदारानं तो पुढे कुणाला विकायचा?

गिफ्ट व्हाउचरची तऱ्हा तर आणखी न्यारी. देणाऱ्यानं पूर्ण पैसे आधीच मोजलेले, म्हणजे दुकानाला बिनव्याजी उसनेच दिलेले. तरी वर अटी : सेलमध्ये चालणार नाही, उरलेली रक्कम परत नाही, मुदत संपली की कागद रद्दीत. बँकांच्या गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेनं किमान वर्षाची मुदत बंधनकारक केली आहे. पण एखाद्या दुकानानं फक्त स्वतःपुरतं काढलेलं व्हाउचर त्या नियमात बसत नाही. तेव्हा बारीक अक्षरं देण्याआधी वाचायची, घेतल्यावर नव्हे.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच पुण्यात सुरू केली. त्या गावातल्या बायकांनी पाटी वाचून गप्प बसावं, हे काही शोभत नाही. पैसे देण्याआधीच विचारा, 'बदलून किती दिवसांत मिळेल? पैसे परत की क्रेडिट नोट?' उत्तर बिलावर लिहून घ्या. भेट देताना बिलही सोबत द्या. किंमत कळली तर कळली, त्यात लाज कसली? आणि सदोष माल घ्यायला कुणी नकार दिलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. दोन-चार जणींनी एवढं केलं, तरी पाटी बदलेल.