चाकांची दिंडी

सायकल हे मोठे स्वाभिमानी वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही आणि ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून ओरडणारा कंडक्टरही लागत नाही. आपण, आपले दोन पाय आणि आपली घंटी! त्यामुळे सायकलवर बसणारा माणूस स्वभावाने थोडा एकलकोंडा आणि बराचसा स्वतंत्र बाण्याचा असतो. असा एखादा इसम रस्त्यात भेटला तर कौतुक वाटते. पण असे तीनशे इसम एकाच वेळी एकाच रस्त्यावर उतरले, म्हणजे शिष्टाचाराचा प्रश्न उभा राहतो.

आणि हल्ली ते उतरतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकलदिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी आणि एरवीही रविवारी सकाळी गावोगाव सायकलफेऱ्या निघतात. आमच्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. रात्री दिव्यावाचून सायकल चालवली तर पोलीस चाकातली हवा सोडून देत, अशा हकिकती वडिलांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकल्या आहेत की, ती हवा आपल्याच चाकातून गेली असे वाटावे. त्या काळी सायकलीसाठी फेरी काढावी असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. माशांनी पाण्याच्या प्रसारासाठी मिरवणूक काढण्यासारखेच ते! आता मात्र पाणीच आटले आहे. तेव्हा माशांना फेरी काढणे भाग आहे.

या फेऱ्यांतला सगळ्यांत गाजलेला प्रकार अमेरिकेतला. सप्टेंबर १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात काही मंडळी कचेरी सुटण्याच्या वेळी सायकलींवरून एकत्र घरी निघाली. पुढे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी असे निघण्याचा प्रघातच पडला. फेरीला नाव मिळाले ‘क्रिटिकल मास’. शब्द पदार्थविज्ञानातला; अणूंच्या विघटनाची साखळी आपोआप चालू राहण्यासाठी निदान जेवढे द्रव्य लागते, ते हे. पण फेरीला तो आला चीनमधल्या सायकलस्वारांच्या वर्णनावरून. तिथे सिग्नल नसलेल्या चौकात सायकलवाले थांबून राहत, पुरेसे लोक जमले की सारा घोळका एकदम निघे आणि मोटारींना थांबावे लागे, असे एका अमेरिकनाने एका माहितीपटात सांगितले होते.

आता घोळका चौकात शिरला आणि मध्येच लाल दिवा लागला, तर काय करायचे? सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी यावर एक तोड काढली. दोघाचौघांनी आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली उभ्या करायच्या आणि शेवटचा माणूस पार होईपर्यंत मोटारी अडवून धरायच्या. या प्रकाराला त्यांनी ‘बूच लावणे’ असे नाव दिले. मराठीच्या प्राध्यापकाला हा शब्दप्रयोग आवडल्यावाचून राहत नाही. पण बुचाच्या आतल्या बाजूला जो अडकतो, त्याला तो आवडेलच असे नाही! पुढे तिथलेच काही सायकलस्वार या पद्धतीला कंटाळले आणि २००७ साली त्यांनी दुसऱ्या शुक्रवारची निराळी फेरी सुरू केली. तिचे नाव ‘क्रिटिकल मॅनर्स’. प्रत्येक सिग्नलला थांबायचे, हाताने खूण केल्यावाचून वळायचे नाही, असा तिचा बाणा. एकाच शहरात, एकाच वाहनाचे, असे दोन पंथ झाले!

हे दोन पंथ आमच्या घरातही आहेत. माझा एक जुना विद्यार्थी अशा फेऱ्यांत स्वयंसेवक असतो. तो म्हणाला, “सर, लाल दिव्याला थांबलो तर फेरीचे दोन तुकडे होतात. मागच्या तुकड्यात पोरेबाळे असतात, वयस्कर माणसे असतात. मध्ये मोटारी घुसल्या की त्यांचे धाबे दणाणते. अर्धा मिनिट रस्ता अडवला तर कोणाचे काय बिघडले?”

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. रस्त्यावरचा सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे घोळका तुटण्याचाच. मी मान डोलावणार, इतक्यात आतून आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि विचारले, “काय रे, तुमची फेरी मोटारींविरुद्ध आहे ना? मग परवा टिळक रोडवर भाजीची पिशवी घेऊन मी उभी होते, ती कुणाच्या बाजूची? मोटारी निदान सिग्नलला थांबतात. तुमची मंडळी तर थांबेचनात! शेवटी त्या फटफटीवाल्यांमागून रस्ता ओलांडला मी.”

विद्यार्थ्याने चहाचा घोट घेतला. उत्तर दिले नाही. मला वाटते, या विषयाचे मर्म त्या पिशवीत आहे. फेरी काढणारा म्हणतो, ‘रस्ता फक्त मोटारीचा नाही.’ अगदी बरोबर! पण हे वाक्य तिथेच संपत नाही. तो फक्त सायकलीचाही नाही, हा त्याचा उत्तरार्ध. रस्त्यावर सगळ्यांत दुबळा असतो तो पायी चालणारा. मोटारवाल्याने आपल्याला जी वागणूक द्यावी असे आपण म्हणतो, तीच आपण त्याला देतो की नाही, यावर फेरीची खरी परीक्षा आहे.

आणि एक उदाहरण सांगतो. एका रविवारी सकाळी मी अशाच एका फेरीत होतो. समोरून वर्तमानपत्रे टाकणारा एक मुलगा आला. जुनी काळी सायकल, कॅरिअरवर पेपरांचा गठ्ठा, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. फेरीतला एक हौशी स्वयंसेवक त्याच्या अंगावर ओरडला, “ए, बाजूला हो! सायकलफेरी येतेय, दिसत नाही?”

पोरगा बिचारा निमूटपणे गटाराच्या कडेला उभा राहिला. सायकलींच्या प्रसारासाठी निघालेल्या तीनशे जणांनी त्या रस्त्यावरचा एकमेव रोजचा सायकलस्वार बाजूला सारला होता! मी थांबून त्याला म्हटले, “चल की आमच्याबरोबर.” तो हसला. “सर, अजून सत्तर घरं आहेत,” म्हणाला आणि पेडल मारून गेलाही. दूधवाला, वॉचमन, इस्त्रीवाला, बांधकामावरचा मजूर ही मंडळी कोणत्याही दिनाची वाट न पाहता सायकल चालवतात. आपल्या फेरीने मोटारवाला चिडला तर तो राग आपल्यावर निघत नाही, कारण आपण सोमवारी स्कूटरवर असतो. तो निघतो या एकट्यादुकट्यांवर. ज्याच्या नावाने आपण भांडतो, त्याच्या पदरात काय टाकतो, याचा हिशेब हवा.

सामुदायिक चालण्याची शिस्त आपल्याला परदेशातून आणायला नको. दर वर्षी ज्येष्ठात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आपल्या दारावरून जाते. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली ती शिस्त आहे. रथापुढच्या दिंड्या ठरलेल्या, मागच्या ठरलेल्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की हजारो टाळ क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो आणि गाऱ्हाणे ऐकून घेतो. एवढा समाज चालतो तो एकाच वेळी सगळे धावतात म्हणून नव्हे, लहान लहान दिंड्या आपापली माणसे सांभाळतात म्हणून.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. तीनशेंचा एक लांबलचक साप करण्याऐवजी वीसवीसांच्या दिंड्या कराव्यात. प्रत्येकीच्या पुढे रस्ता जाणणारा एक आणि पिछाडीला एक. पिछाडीच्याजवळ पंप आणि पंक्चरचे सामान. वेग ठेवायचा तो सर्वांत हळू चालणाऱ्याचा. लाल दिवा लागला तर थांबायचे. जे पुढे निघून गेले त्यांनी चौकापलीकडे कडेला उभे राहून वाट पाहायची. मग तुकडा पडला तरी कोणी पोरके होत नाही. जोडीने चालायचे ते दोघांनी, चौघांनी नव्हे. पुढच्याच्या मागच्या चाकाशी आपले पुढचे चाक घुसवायचे नाही. चाकाला चाक लागले की बहुधा मागचाच पडतो. खड्डा दिसला तर आपण चुकवून गप्प बसायचे नाही, हात खाली करून ‘खड्डा’ म्हणून मागे सांगायचे. चालत्या सायकलीवरून मोबाइलने फोटो काढायचा नाही. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की सगळ्यांनी डावी कड धरायची. गणेशविसर्जनाच्या तुडुंब गर्दीत पुणेकर ॲम्ब्युलन्सला वाट करून देतात. मग सायकलवाल्यांनी का देऊ नये? आणि जो मोटारवाला आपल्यासाठी थांबला, त्याच्याकडे पाहून हात वर करायचा. शिवी दिली तर ऐकून घ्यायची. अडलेल्या माणसाला आपले तत्त्वज्ञान तिथेच समजावण्याचा मोह टाळावा. हॉर्नच्या आवाजात आजवर कोणाचे मतपरिवर्तन झालेले नाही.

इतके सौजन्य दाखवले तर आपले म्हणणे ऐकणार कोण, असे काही तरुण विचारतात. त्यांना मी अमेरिकेतल्याच दुसऱ्या फेरीची गोष्ट सांगतो. डॅलस शहराजवळ एका सायकलस्वाराला जाणाऱ्या बसच्या आरशाचा तडाखा बसला आणि तो मृत्यू पावला. त्याच्या स्मरणार्थ २००३ साली ‘मौनफेरी’ निघाली. मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी आता ती देशोदेशी निघते. वेग ताशी १२ मैलांच्या, म्हणजे सुमारे १९ किलोमीटरांच्या आत. कोणी बोलायचे नाही. घोषणा नाही, भोंगा नाही, कोणाला दूषण नाही. फक्त चाकांची सरसर! रस्त्यावरचा मनुष्य ती पाहून आपोआप गप्प होतो.

आरडाओरड करायची हौसच असेल तर बुडापेस्टचा कित्ता गिरवावा. हंगेरीच्या त्या राजधानीत एप्रिल २००८ मध्ये सुमारे ८०,००० लोक सायकली घेऊन आले होते. फेरीच्या अखेरीस सगळ्यांनी आपापली सायकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची, असा तिथला रिवाज. यात कोणाचा रस्ता अडत नाही, ओझे आपले आपल्याच हातांवर असते आणि सायकल किती हलकी असते, हे मोटारीत बसलेल्याला न सांगता दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या पेठेतून किंवा कॉलनीतून एखादी फेरी निघणार असेल, तर जरूर जा; मुलांनाही न्या. आदल्या दिवशी ब्रेक तपासा, चाकात हवा भरा, चेनला थेंबभर तेल घाला. आणि घंटी असू द्या, पण ती ‘बाजूला हो’ म्हणून वाजवू नका. ‘मी येतोय, सांभाळा’ म्हणून वाजवा. आवाज एकच असला, तरी ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक बरोबर कळतो.