सहल आठ दिवसांची, वर्गणी पंचवीस वर्षांची

गेल्या रविवारी चिकलठाणा एमआयडीसीत काम करणारे आमचे एक मित्र पत्नीसह घरी आले. जयभीम झाला, चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. "दादा, तुम्ही हिशेबातले माणूस. हे जरा बघा."

कागद हॉलिडे क्लबचा होता. वार्षिक वर्गणी भरा, अशी मागणी. सहा वर्षांपूर्वी "तुमचा नंबर लागला, भेटवस्तू घेऊन जा" असा फोन आला. दोघांनीच यायचे, अशी अट. जालना रोडवरच्या एका हॉटेलात तीन तास बसवून त्यांची सही घेतली गेली. सभासदत्वाचे हप्ते पोटाला चिमटा घेऊन फेडले. आता सुटलो असे वाटले, तर दरवर्षी वर्गणी आहेच आणि दरवर्षी आकडा मोठा. भरली नाही तर खोली मिळत नाही, थकबाकी मात्र चढते.

सहा वर्षांत हे कुटुंब एकदाच फिरायला गेले. कामगाराला रजा मिळते दिवाळीत, मुलांना सुट्टी असते मे महिन्यात. नेमक्या त्याच दिवसांत सगळीकडे गर्दी, आणि यांना उत्तर मिळते, "खोली शिल्लक नाही."

हा धंदा आपल्या देशात नवा नाही. स्टर्लिंग १९८६ साली आली, क्लब महिंद्रा १९९६ साली. पंचवीस वर्षे दरवर्षी एक आठवडा, हा क्लब महिंद्राचा नावाजलेला प्रकार. रिसॉर्टची झाडलोट, रंगरंगोटी, वीज, नोकरांचे पगार हा खर्च सभासदांकडून वर्गणीतून वसूल होतो. महागाई वाढली की वर्गणी वाढणार, असे करारात बारीक अक्षरांत असते. खर्च वाढतो हे खरेच. पण विकणारा पहिला आकडा मोठ्याने सांगतो आणि दुसरा ओठातल्या ओठात, तिथे माणूस फसतो.

आम्ही त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा पहिल्या वर्षी वर्गणी १५,००० रुपये आणि दरसाल वाढ ७ टक्के. दहा वर्षांत ती जवळजवळ दुप्पट होते. पंचविसाव्या वर्षी ७६,००० च्या घरात जाते. पंचवीस वर्षांची बेरीज साडेनऊ लाखांच्या आसपास! सभासदत्वाची रक्कम वेगळी, कर वेगळा, प्रवास आणि जेवणही वेगळे. वहिनी बराच वेळ त्या बेरजेकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आम्हाला एकदा महाबळेश्वर बघायचं होतं, एवढंच."

विकणारे याला "गुंतवणूक" म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातल्या पॅनकार्ड क्लब्ज कंपनीने हॉटेलात राहण्याच्या रात्री विकल्या आणि लोकांनी ठेव समजून पैसे घातले. २०१४ साली सेबीने आदेश काढला, तेव्हा ५१ लाखांवर लोकांचे ७ हजार कोटींवर रुपये त्यात अडकलेले होते. तो प्रकार वेगळा, पण धडा एकच. सहल म्हणजे खर्च. खर्चाला ठेव समजू नका.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा. वर्गणी जास्तीत जास्त किती वाढेल? दिवाळी-मे महिन्यात खोलीची हमी आहे का? मधेच सोडले तर काय परत मिळेल? लेखी देत नसतील तर उठून या. आणि भेटवस्तूच्या खुर्चीत बसून सही करू नका. कागद घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

सही होऊन गेली असेल तरी हातपाय गाळू नका. १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवे.

आमच्या मित्राला गेल्या दिवाळीतच खोली नाकारली. त्यांचा अर्ज आम्ही या रविवारी लिहून देणार आहोत. असा कागद तुमच्याही ट्रंकेत असेल, तर लाज न बाळगता घेऊन या.